एकदाच टोचणारं हॉस्पिटल

मंगळवार, सकाळचे साडेदहा. नेरूळमधल्या एका खासगी हॉस्पिटलची कॅज्युअल्टी. बाजीराव शेलार नावाचा पन्नाशीचा माथाडी कामगार स्वतःच्या पायांनी चालत आत आला आणि म्हणाला, "छातीत दाटल्यावानी व्हतंय."

ईसीजी काढला. नॉर्मल. रक्त तपासलं. नॉर्मल. तीन तासांनी रक्ताचा दुसरा रिपोर्ट आला. तोही नॉर्मल. "गॅस आहे मामा," असं सांगून गुलाबी औषधाची बाटली हातात दिली आणि दुपारी घरी पाठवलं. दिवेलागणीला त्याच माणसाला त्याच्या टोळीतल्या गड्यांनी कांद्याच्या टेम्पोत आडवं घालून त्याच कॅज्युअल्टीत आणलं. हार्ट अटॅक. मोठा. जीव वाचला, पण हृदयाची निम्मी ताकद गेली. तुर्भ्याच्या मार्केटमध्ये पाठीवर गोणी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारा हा माणूस आता जुईनगरच्या आपल्या बिल्डिंगचा पहिला मजला चढताना मध्येच कठडा धरून उभा राहतो.

हॉस्पिटल म्हणतं, चूक पेशंटची. त्यानेच "आता बरं वाटतंय" म्हणून सांगितलं. मार्केटमधली टोळी तेच म्हणते. घरात बायकोही तेच म्हणते. आणि शेलारांना आता एवढंच हवंय, की चूक नक्की कुणाची होती ते एकदा कुणीतरी तोंडाने सांगावं.

मी या शहरात निम्मं आयुष्य बातमीदारी केली. जुने पेपर साठले तर रद्दीवाला येऊन घेऊन जातो. किस्से कोण नेणार? ते डोक्यातच साठतात, एकावर एक. या हॉस्पिटलचे तर माझ्याकडे इतके साठलेत की शेलारांचं प्रकरण घडलं तेव्हा मला आश्चर्य वाटलंच नाही. संताप आला. संतापात माणूस जास्त बोलतो, तेव्हा ऐका.

* * *

आधी हे रक्ताचं प्रकरण समजून घ्यायला मी डॉक्टर बर्वेबाईंकडे गेलो. सरकारी हॉस्पिटलात हयातभर हृदयाचे पेशंट बघून निवृत्त झालेल्या. आमच्याच सोसायटीत राहतात. अख्खी सोसायटी त्यांना घाबरते, वॉचमनपासून चेअरमनपर्यंत.

"बाई, ही ट्रोपोनिन टेस्ट म्हणजे काय?"

"हृदयाचा स्नायू मरायला लागला की त्यातून हा पदार्थ रक्तात गळतो. रक्तात सापडला म्हणजे आत काहीतरी मोडतंय. आकडा किती चढला त्यावरून किती नुकसान झालं आणि पुढे किती धोका आहे, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो."

"आणि नाही सापडला तर?"

बाईंनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की समोरचा माणूस मूर्ख ठरलेला असतो.

"तुझ्या वरच्या फ्लॅटमधला पाइप फुटला, तर तुझ्या छतावर डाग त्याच मिनिटाला दिसतो का?"

"नाही. पाणी झिरपायला वेळ लागतो."

"मग? रक्तातही वेळ लागतो. छातीत दुखायला लागल्या लागल्या रक्त काढलं तर ते स्वच्छही दिसू शकतं. म्हणून एकदा काढायचं, काही तास थांबायचं, पुन्हा काढायचं आणि आकडा चढतोय का ते बघायचं. मधला वेळ हीच खरी टेस्ट. मशीनचं काम त्यानंतर!"

"आणि एकदाच बघून सगळं ठीक आहे असं सांगितलं तर?"

"एकदाच छताकडे बघून 'लीकेज नाही' म्हणणारा माणूस डॉक्टर नसतो. तो सोसायटीचा सेक्रेटरी असतो!"

आमचे सेक्रेटरी तेव्हा दारातच उभे होते. मेंटेनन्सचं काहीतरी विचारायला आले होते. न विचारताच गेले.

* * *

आता या हॉस्पिटलची मोठी मोहीम सांगतो. शेलारांच्या प्रकरणाच्या बऱ्याच आधीची गोष्ट आहे.

हॉस्पिटलच्या पीआरओचा, म्हणजे निनादचा, फोन आला. हा मुलगा प्रत्येक वाक्याच्या दोन्ही टोकांना 'सर' लावतो. "सर, उद्या प्रेस कॉन्फरन्स आहे सर. भारतात कुणी केलं नसेल असं काहीतरी करतोय सर."

गेलो. स्टेजवर पाच फुलदाण्या, सात खुर्च्या आणि मागे भलामोठा फ्लेक्स: 'एकदाच टोचणी! वेदनामुक्त कॅज्युअल्टी!'

मॅनेजिंग डायरेक्टर उभे राहिले. स्वतः डॉक्टर नाहीत, आधी हॉटेलं चालवायचे. म्हणाले, "गेस्टला, सॉरी, पेशंटला सगळ्यात जास्त भीती कशाची असते? सुईची! आमच्या फीडबॅकमध्ये एकच तक्रार सारखी यायची, की परत परत टोचतात. आम्ही ठरवलं, आमच्याकडे पेशंट आला की त्याला सुई एकदाच. जे काही रक्त लागेल ते एकदाच!"

टाळ्या झाल्या. मी हात वर केला. "ज्या तपासण्यांना थोड्या थोड्या वेळाने रक्त लागतं, त्यांचं काय करणार?"

डायरेक्टरांनी मेडिकल सुपरिंटेंडेंट डॉ. कर्णिकांकडे बघितलं. कर्णिकांनी निनादकडे बघितलं. निनादने माइकवर जाहीर केलं, "सर, नाश्ता लागलेला आहे सर."

नाश्त्याआधी केक कापला. लाल, हृदयाच्या आकाराचा. डायरेक्टरांनी सुरी उचलली, बरोबर मधोमध घातली आणि एका फटक्यात दोन तुकडे केले. फोटोग्राफर म्हणाला, "सर, परत एकदा." त्यांनी परत एकदा घातली.

तो फोटो दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत आला. डाव्या हातात केकचा तुकडा, उजव्या हातात सुरी आणि खाली ओळ: 'हृदयरुग्णांसाठी दिलासा'.

* * *

दिलासा पहिल्यांदा मिळाला तो बाळाराम शेठना.

बाळाराम शेठ म्हणजे खाडीकाठच्या जुन्या गावातले. वडिलांनी भातशेती केली, शेठनी त्या शेतावर बिल्डिंगा केल्या. भाडेकरूशी भांडण झालं की शेठच्या छातीत दुखतं, आणि शेठचं भाडेकरूंशी रोज भांडण होतं. एकदा असंच दुखलं म्हणून हॉस्पिटलात नेलं. रक्त काढलं, नॉर्मल आलं.

शेठ बाहेर आले ते हात उंचावून, निवडणूक जिंकल्यासारखे. "एवरा दुखला, पन रक्तान काय नाय निंगाला! डॉक्टरनी लिवून दिलाय!"

तिसऱ्या दिवशी जुईनगर स्टेशनबाहेर बॅनर लागला. गॉगल घातलेले शेठ, गळ्यात साखळी, बाजूला वाघ. आणि अक्षरं अशी: 'आपले लाडके बाळाराम शेठ यांचे ट्रोपोनिन नॉर्मल आल्याबद्दल अभिनंदन! शुभेच्छुक: समस्त मित्रपरिवार'. खाली शुभेच्छुकांचे चौदा फोटो!

मी बर्वेबाईंना मोबाइलवर बॅनर दाखवला. बाई बराच वेळ वाघाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "याला सांग, त्या दिवशी हृदयाचा स्नायू मरत नव्हता एवढाच त्याचा अर्थ. नळ्या किती तुंबल्यात, उद्या काय होईल, ते यात लिहिलेलं नसतं. जन्मभराची गॅरंटी नव्हे ही."

मी शेठना फोन करून सांगितलं. शेठ चिडले. "तू पत्रकार हायेस, चांगला काय बघवतच नाय तुला!"

चार दिवसांनी पालिकेच्या पथकाने विनापरवाना म्हणून बॅनर उतरवला. ते कळताच शेठच्या छातीत पुन्हा दुखायला लागलं.

* * *

वेलणकर काकांची गोष्ट याच्या नेमकी उलटी आहे.

काका सरकारी कचेरीतून निवृत्त. दोन्ही किडन्या थकलेल्या, डायलिसिसवर. स्वभाव असा की नेरूळच्या बागेत ते ज्या बाकावर बसतात त्यावर दुसरा कुणी बसत नाही. एकदा धाप लागली म्हणून मुलाने त्यांना याच कॅज्युअल्टीत नेलं. रक्त काढलं. आकडा चढलेला!

धावपळ सुरू झाली. एक तरुण डॉक्टर कागद घेऊन आला. "काका, हार्ट अटॅक आहे. लगेच अँजिओग्राफी करावी लागेल. इथे सही करा."

काका झोपल्या झोपल्या म्हणाले, "माझा हा आकडा कायमच चढलेला असतो. किडनीवाल्यांचा राहतो तसा. मागच्या खेपेला तुमच्याच डॉक्टरने मला हे समजावलंय. आधीपेक्षा वाढलाय का, ते सांगा."

"ते कळायला दुसरं सँपल लागेल, काका."

"मग घ्या. हा घ्या हात."

डॉक्टर म्हणाला, "नाही काका, तुम्हाला परत टोचावं लागणार नाही. आमच्याकडे त्याची सोय आहे."

"कसली सोय?"

तेवढ्यात त्याला कुणीतरी बोलावलं आणि तो पडदा ओढून गेला. काका स्वतःच उठले, शर्टाची बटणं लावली आणि मुलाला म्हणाले, "चल. आकडा वाढलाय का हे रक्त न काढता सांगणाऱ्या माणसाकडे मी ज्योतिष बघायला जाईन, औषधाला नाही!"

दुसऱ्या हॉस्पिटलात गेले. तिथे दोनदा टोचलं. आकडा होता तिथेच होता. फुप्फुसात पाणी साठलं होतं, ते डायलिसिसने उतरलं.

काकांनी हे मला बागेत सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसलो. 'कसली सोय' हा प्रश्न त्या दिवशी माझ्याही डोक्यातून निघून गेला.

* * *

आता शेलारांकडे येतो.

बाजीराव शेलारांची आणि माझी ओळख जुनी. मार्केटच्या एका बंदमध्ये पोलिसांनी लाठ्या चालवल्या, तेव्हा या साताऱ्याच्या माणसाने मला काखेत उचलून कांद्याच्या गोण्यांमागे फेकलं होतं. फेकलं म्हणजे गोणीसारखंच. कंबर आठवडाभर दुखत होती, पण डोकं शाबूत राहिलं.

अटॅकनंतर घरी भेटायला गेलो. खिडकीशी खुर्चीत बसले होते. छाती तीच, खांदे तेच, पण पाण्याचा तांब्या उचलायला बायकोला हाक मारत होते. आणि ते तांब्यापेक्षा जास्त त्या हाकेनेच खचले होते.

"पत्रकार, माजी चूक झाली म्हंत्यात सगळी. मी म्हनलो व्हतो खरं, बरं वाटतंय म्हनून."

बायको, सुमनवहिनी, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "आवं भाऊजी, ह्यास्नी कुनीबी इचारू द्या, हे बरंच हाय म्हंत्यात! पायावर गोनी पडली तवा बी बरं हाय. टायफॉइड झाला तवा बी बरं हाय. लगीन झाल्यापास्नं एकदा तरी दुखतंय म्हनून बोललेत का इचारा! त्या डाक्टरला हे कळू नये व्हय?"

"डाक्टरचं लगीन तुज्याशी न्हवतं ना झालं," शेलार म्हणाले.

"झालं असतं तर कळलं असतं त्यास्नी!"

हसू आलं, पण शेलार हसले की त्यांना धाप लागते. त्यामुळे आम्ही हसू आवरलं.

मी विचारलं, "त्या दिवशी तीन तास कुठे होतात? कॉटवर?"

"कॉट कुठली वं," वहिनी म्हणाल्या. "ईशीजी काढला, रगात घेतलं आन् म्हनले, रिपोर्टाला येळ हाय, तवर बाहिर जाऊन कायतरी खाऊन या. मग आमी समोरच्या हाटेलात गेलो. ह्यांनी इडली खाल्ली. अर्धीच खाल्ली. पानी पिऊन बसून ऱ्हायले. दोन वाजता परत गेलो, तर म्हनले, झालं, जावा घरी."

छातीत दुखणाऱ्या माणसाला रस्ता ओलांडून इडली खायला पाठवणारी कॅज्युअल्टी मी पहिल्यांदाच ऐकली!

* * *

डॉ. कर्णिकांची भेट मिळायला मला फार खेटे घालावे लागले. मिळाली तेव्हा केबिनमध्ये कर्णिक, निनाद आणि एक वकील असे तिघे बसले होते. तिघांना मिळून एक तोंड होतं आणि ते वकिलाचं होतं.

मी म्हटलं, "शेलारांचं दुसरं रक्त कधी काढलं?"

वकील म्हणाला, "प्रोटोकॉलप्रमाणे."

"कुणी काढलं?"

"प्रशिक्षित कर्मचाऱ्याने."

"कुठे काढलं?"

"हॉस्पिटलच्या आवारात."

मी म्हटलं, "कोपरातून काढलं की मनगटातून, एवढं तरी सांगा."

शेवटी कर्णिकांना राहवलं नाही. "हे बघा, पहिला आकडा आणि दुसरा आकडा अगदी सारखा आहे. काडीचाही फरक नाही! आम्ही आणखी काय करायला हवं होतं? पेशंट म्हणाला, बरं वाटतंय. आता पेशंटच खोटं बोलला तर मेडिकल सायन्स काय करणार?"

निनाद म्हणाला, "सर, मार्मिक बोललात सर."

ते सारं मी बर्वेबाईंना येऊन सांगितलं. वाटलं होतं, बाई पेटून उठतील. बाई उलट शांत झाल्या.

"हे बघ, शक्यता आहे. दुपारपर्यंत स्नायू खरंच शाबूत असेल आणि संध्याकाळी नळी अचानक बंद झाली असेल. असं होतं. तसं असेल तर रक्ताच्या बाबतीत हॉस्पिटलची चूक नाही आणि तू उगाच त्यांच्या मागे लागलायस."

"आणि तसं नसेल तर?"

"सकाळपासून दुखत होतं. आतून गळायला लागलं असतं तर तीन तासांत आकडा हलायला हवा होता. तो जागचाही हलला नाही म्हणतात. म्हणून सगळं एकाच गोष्टीवर येतं: ते दुसरं रक्त खरंच तीन तासांनी काढलं का? ते विचार. बाकी सगळी भांडणं बंद कर. तुला भांडायची सवय आहे."

सवय आहे. नाकारत नाही.

* * *

मधल्या काळात माझ्या पेपरने काय केलं तेही सांगतो, म्हणजे मी फक्त डॉक्टरांच्याच मागे लागलोय असं कुणी म्हणायला नको.

मी बातमी लिहिली. सरळ, साधी. एका कामगाराला दोन नॉर्मल रिपोर्ट देऊन घरी पाठवलं, संध्याकाळी अटॅक आला, दुसरं रक्त कधी काढलं याचं उत्तर हॉस्पिटल देत नाही. आमच्या डिजिटल विभागाचा प्रमुख, वयाने माझ्या मुलापेक्षा लहान, ती वाचून म्हणाला, "सर, स्ट्राँग आहे. पण यात युजरला काय मिळतं?"

"युजरला म्हणजे कुणाला?"

"वाचकाला, सर."

"वाचकाला कळतं की आपण मरू शकतो!"

"निगेटिव्ह होतं ते. थोडं ट्विस्ट करू."

संध्याकाळी वेबसाइटवर माझ्याच नावाने आलं: 'छातीत दुखतंय? घाबरू नका, स्वयंपाकघरातल्या या पाच गोष्टी करतील कमाल!' पहिली गोष्ट होती आल्याचा तुकडा. शेजारी जाहिरात झळकत होती: 'एकदाच टोचणी! वेदनामुक्त कॅज्युअल्टी!'

सुमनवहिनींचा फोन आला. "भाऊजी, तुमी लिवलंय तसं आलं दिऊ का ह्यास्नी?"

* * *

आणि आता चौकशी समिती.

शेलारांची बातमी शेवटी दुसऱ्याच एका लहान पेपरने छापली. चूक शेलारांचीच म्हणणारी माथाडींची टोळीही हॉस्पिटलच्या गेटवर येऊन बसली. काही केलं नाही, नुसती बसली. पण गोण्या उचलणारी शंभरेक माणसं काही न बोलता बसली की समिती आपोआप नेमली जाते.

समितीत तिघे होते. अध्यक्ष मॅनेजिंग डायरेक्टर. सदस्य डॉ. कर्णिक. आणि तिसरे एक 'बाहेरचे तज्ज्ञ', जे याच हॉस्पिटलच्या पनवेल शाखेतून आले होते म्हणून बाहेरचे!

सकाळी अकराला शेलारांना बोलावलं. सोबत एका नातेवाइकाला परवानगी होती. शेलार माझा हात धरून आत शिरले आणि म्हणाले, "ह्ये माजं मेव्हनं."

कर्णिक उठून उभे राहिले. "हे पत्रकार आहेत!"

"असू द्या की," शेलार म्हणाले. "मेव्हना पत्रकार नसतो व्हय कुनाचा?"

गेटवरची टोळी खिडकीतून दिसत होती. डायरेक्टर म्हणाले, "बसा, बसा."

बाहेरच्या तज्ज्ञांनी सुरुवात केली. "सिगारेट ओढता?"

"न्हाय."

"दारू?"

"न्हाय. माळ हाय गळ्यात."

"तंबाखू?"

शेलार घुटमळले. "मळतो कवाकवा."

तिघांनीही एकदम सुटकेचा श्वास सोडला. तज्ज्ञांनी 'तंबाखू' असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. मला वाटलं, आता समिती इथेच चहा मागवणार.

मी म्हटलं, "दुसरं रक्त."

डायरेक्टर म्हणाले, "मेव्हण्यांनी मध्ये बोलू नये." मग शेलारांकडे वळून, हॉटेलवाल्याच्या सगळ्या गोडव्याने, "मामा, तुमचा आमच्या स्टाफवर काही राग आहे का? कुणी वाईट वागलं? मोकळेपणाने सांगा."

आता हे लक्षात घ्या, की शेलार कुणाबद्दल वाईट बोलू शकत नाहीत. दुखतंय म्हणू शकत नाहीत, तसंच हेही.

"न्हाय वं. राग कशाला? रगात काढनारी नर्स लई चांगली पोरगी व्हती. साताऱ्याकडचीच. मला म्हनली, मामा, घाबरू नगा, आमी एकदाच टोचतो."

"ऐका!" डायरेक्टरांचा चेहरा उजळला. "आमची पॉलिसी! पेशंट स्वतः सांगतोय. लिहून घ्या."

तज्ज्ञ लिहू लागले. शेलारांनाही बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या इमारतीत कुणीतरी त्यांच्या बोलण्यावर खूश झालं होतं. ते आणखी सांगू लागले.

"तर काय! एकाच सुईत दोन बाटल्या भरून घेतल्या तिनं. म्हनली, ही दुसरी तीन तासांनी मशिनीत घालायची असती, ती आत्ताच काढून ठेवते. मामा, म्हनली, तुमाला पुन्ना तरास नगं. जावा, इडली खाऊन या."

डायरेक्टर हसत मान डोलावत होते. "पेशंट कम्फर्ट! याला म्हणतात पेशंट कम्फर्ट!"

डॉ. कर्णिक हसत नव्हते. तज्ज्ञांचं पेन थांबलं होतं. त्यांनी कर्णिकांकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "सलाइन लावली असेल ना? त्या नळीतून घेतलं असेल नंतर?"

"सलाइन कुठली, सायेब?" शेलार म्हणाले. "इडली खायला सलाइन लावून जात्यात व्हय?"

तज्ज्ञांनी पेनाला टोपण लावलं. डायरेक्टर एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. हॉटेलवाल्या माणसाला अजून कळलं नव्हतं, की सगळे गप्प का झाले.

शेलारांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं, आपण पुन्हा काहीतरी चुकीचं बोललो.

"मी चांगलंच सांगितलं की वं," ते म्हणाले.

समितीने त्या दिवशी आणखी कुणालाही बोलावलं नाही. अहवाल आला. त्यात तंबाखू आहे, 'बरं वाटतंय' आहे आणि 'रुग्णाने रक्त घेणाऱ्या कर्मचाऱ्याच्या सेवेबद्दल समाधान व्यक्त केले' असंही आहे. त्या नर्सची पनवेलला बदली झाली. प्रेस कॉन्फरन्सनंतर जुईनगर स्टेशनबाहेर लागलेला 'एकदाच टोचणी'चा फ्लेक्स अजून आहे.

शेलारांच्या दुसऱ्या रिपोर्टवर रक्त काढल्याची वेळ छापलेली आहे, दुपारी दीड. दुपारी दीड वाजता बाजीराव शेलार समोरच्या हॉटेलात, बायकोच्या शेजारी, अर्धी इडली टाकून पाणी पीत बसले होते.